सिस्टरांची उलटी गिटार

सुषमा गावित सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना चार भिंतीवरची घड्याळं, तीन शाली आणि एक स्टीलचा जार मिळाला. ज्या माणसाला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला लोक घड्याळं का देतात, असा प्रश्न त्यांना पडला होता. पण निरोप समारंभात प्रश्न विचारायचे नसतात, भाषण करायचं असतं. बाकीच्या वक्त्यांनी त्यांच्या वतीनं पुढचा कार्यक्रम ठरवूनच टाकला होता: आता सिस्टर नातवंडांत रमणार, चर्चच्या महिला मंडळाला वेळ देणार, शेतात लक्ष घालणार. सिस्टर उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी आता गिटारची नीट प्रॅक्टिस करणार आहे."

सगळे खळखळून हसले. सिस्टर मिस्कील आहेत हे सर्वांनाच ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यांनी हेच सुकरामला सांगितलं. सुकराम, म्हणजे त्यांचा नवरा, हसला नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात तो बायकोच्या बोलण्यावर हसून दोनदा फसला होता. तो म्हणाला, "कर. पण ओट्यावर कर. आत कोंबडी अंड्यांवर बसलीय."

आता ही गिटार कुठून आली ते सांगायला हवं. सिस्टर सतरा वर्षांच्या होत्या आणि मिशनच्या वसतिगृहात राहून शिकत होत्या, तेव्हाची गोष्ट. नाताळची गाणी शिकवायला तिकडे दूर ईशान्येकडून एक तरुण प्रचारक पंधरा दिवसांसाठी आला होता. त्याचं नाव लालथांगा की असंच काही होतं. मुलींच्या जिभेला ते झेपेना, म्हणून त्या त्याला 'लाल सर' म्हणू लागल्या. त्यातही चहाटळ होत्या त्या 'लालसर' असं जोडून म्हणत आणि तोंडाला पदर लावून हसत. लाल सरांजवळ गिटार एक आणि समोर मुली बेचाळीस. हात लावायला मिळणं शक्यच नव्हतं. सुषमा पहिल्या रांगेत बसायची आणि मांडीवर एक तुराटी आडवी धरून, सर जसे हात हलवतील तसे हलवायची. सरांच्या गिटारीची मान सुषमाला उजव्या बाजूला दिसायची, म्हणून तिनं तुराटीचं टोकही उजवीकडेच केलं. आरशात बघून भांग पाडणाऱ्या मुलीला यात काय वावगं वाटणार?

जाताना लाल सर गिटार तिथंच ठेवून गेले. तिची कड फुटलेली होती आणि गाडीला गर्दी होती. बाकीच्या मुलींनी तिच्यावरची धूळ पुसली, सुषमानं ती वाजवली. पहिले सहा महिने पत्र्यावर मांजर पळाल्यासारखा आवाज येत होता. सर जिथं बोटं ठेवायचे तिथं ठेवूनही सूर लागेना. मग तिनं डोळ्यांचा नाद सोडला आणि कानांवर भिस्त ठेवली. बोटं इकडची तिकडे करत, दोन वर्षांत, तिनं सहा कॉर्ड जुळवल्या. त्या सहा कॉर्डवर पुढची चाळीस वर्षं निघाली. नर्सिंगचं शिक्षण झालं, नोकरी लागली, उपकेंद्रं बदलली, मोटारसायकलच्या मागं बसून पाड्यापाड्यांवर लशी टोचत फिरणं झालं, दोन मुलं सुरतेला नोकरीला गेली. वसतिगृहातून सोबत आलेली गिटार भिंतीवर. नाताळला खाली यायची, लग्नाला खाली यायची, पुन्हा वर जायची.

आणि या चाळीस वर्षांत त्यांना कुणीही, एका शब्दानंही, काही बोललं नाही. बोलणार कोण? आसपासच्या दहा गावांत दुसरी गिटार नव्हती. सिनेमात हिरो गिटार कशी धरतो हे कुणी बघत नाही, सगळे हिरॉईन बघतात.

बोलला तो मयंक.

खांडबाऱ्याला कांतीलाल शेठचं कापडाचं दुकान आहे. मयंक त्यांचा धाकटा मुलगा. पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला आणि इंजिनिअर होऊनही आला, पण सोबत गिटारच्या परीक्षांची सर्टिफिकिटं घेऊन आला. आता दुकानाच्या माडीवर तो क्लास चालवतो. खाली वडील परकराचं कापड फाडतात आणि वर पंधरा-वीस पोरं सा रे ग म चं लाकूड फोडतात, असं कांतीलाल शेठच म्हणतात. सिस्टर पहिल्या दिवशी माडी चढून गेल्या तेव्हा मयंक ताडकन उभा राहिला. त्याला वाटलं, लस द्यायला आल्या. त्याच्या लहानपणी खांडबाऱ्याकडच्या सगळ्या पोरांना सुया याच सिस्टरांनी टोचल्या होत्या.

"बस रे," सिस्टर म्हणाल्या. "आज मी शिकायला आलेय."

त्यांनी गिटार काढली, मांडीवर घेतली, आणि नाताळचं एक गाणं वाजवून दाखवलं. मयंक बघत राहिला. आधी सिस्टरांकडे, मग गिटारीकडे, मग गिटार कशी धरायची ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्याकडे, आणि परत गिटारीकडे.

"सिस्टर," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"नाही."

"मग... गिटार उलटी धरलीय."

सिस्टरांनी गिटारीकडे बघितलं. भोक पुढं होतं, तारा पुढं होत्या. "उलटी कशी?"

मयंकनं स्वतःची गिटार घेतली आणि शेजारी बसला. समोर नाही, शेजारी. एका बाकावर दोघं, तोंडं एकाच दिशेला. त्याच्या गिटारीची मान डावीकडे गेली, सिस्टरांची उजवीकडे. मध्ये दोन्ही बुडं एकमेकांना टेकली. सिस्टर भाकरी उजव्या हातानं थापत, इंजेक्शन उजव्या हातानं देत, सही उजव्या हातानं करत. जाड तार वर असायला हवी ती त्यांच्याकडे खाली होती. ज्या हातानं दाबायचं त्यानं त्या छेडत होत्या आणि ज्यानं छेडायचं त्यानं दाबत होत्या.

"किती वर्षं वाजवताय?" मयंकनं विचारलं आणि लगेच त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

सिस्टर मनात नाताळ मोजत होत्या. एक्केचाळीस नाताळ, आणि लग्नं किती ते देवालाच ठाऊक. दर वेळी पुढं, सगळ्यांच्या समोर, खुर्चीवर बसून.

"काय करायचं आता?" त्यांनी विचारलं.

"नीट शिकायचं असेल तर... शून्यापासून. सुलटी धरून."

सिस्टरांनी जन्मभर लोकांना कडू गोळ्यांचा कोर्स पुरा करायला लावला होता. अर्ध्यावर सोडणाऱ्यांना त्या घरी जाऊन झापत. आता स्वतःवर आल्यावर तोंड फिरवणं त्यांना शोभलं नसतं. त्यांनी गिटार फिरवून धरली. ती त्यांच्या मांडीवर पाहुण्याच्या तान्ह्या पोरासारखी बसली: अवघडून, आणि केव्हाही रडेल अशी.

घरी येऊन त्यांनी शंभर पानी वही आखली, अगदी लसीकरणाच्या रजिस्टरसारखी. तारीख, वेळ, कोणती कॉर्ड, किती वेळा, आणि शेवटच्या रकान्यात 'त्रास'. सकाळी नऊ ते दहा ओट्यावर प्रॅक्टिस. चाळीस वर्षांत त्यांच्या उजव्या हाताची बोटं तारांनी घट्ट झाली होती. आता घट्टे हवे होते डाव्या हाताला. ती बोटं कोवळी. आठवडाभरात टरारून फोड आले. 'त्रास'च्या रकान्यात सिस्टरांनी लिहिलं: 'अपेक्षित.'

त्यात निवृत्तीची एक गंमत असते. सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, पण लोकांनी आजारी पडणं सोडलं नव्हतं. ओट्यावर बसलेली सिस्टर म्हणजे उघडा दवाखाना. नऊ वाजले की कुणी पोराचा कान दाखवायला येई, कुणी गोळीचं पाकीट घेऊन येई. सिस्टर एका हातानं तार दाबून धरत आणि दुसऱ्या हातानं ताप बघत.

शेजारच्या दगूबाईला मात्र दुसरीच काळजी लागली. पूर्वी गाणं ऐकू यायचं, आता नुसतं टुंग... टुंग... व्हायला लागलं होतं. तिनं कुंपणापलीकडून सुकरामला विचारलं, "सिस्टरला बरं नाही का रे?"

सुकराम बैलाला पाणी दाखवत होता. "उलटीची भानगड आहे," तो म्हणाला. "त्यासाठीच आठवड्यातून दोनदा खांडबाऱ्याला जाते."

संध्याकाळपर्यंत तीन बायका लिंबू, ओवा आणि काळं मीठ घेऊन हजर झाल्या. एकीनं तर हळूच सुकरामकडे बघून 'या वयात?' असंही विचारलं. सिस्टर दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. लिंबांचं लोणचं झालं.

क्लासला जाताना खालच्या दुकानात कांतीलाल शेठ त्यांना थांबवत. चहा सांगत, बाही वर करत आणि रक्तदाब बघून घेत. मशीन सिस्टरांच्या पिशवीत असायचंच. पट्टा आवळला की शेठ मनातलं बोलत.

"सिस्टर, मन्हा पोऱ्या हुशार शे, पन काय करी ऱ्हायना ते मालेच समजत नही. तुम्ही सरकारी माणूस शेतस. तुम्हनं तो आयकी. त्याले सांगा, हाई टुणटुण सोड अन् गादीवर बस."

"बोलू नका, दाब वाढतो," सिस्टर म्हणत.

"सांगशात ना?"

"सांगेन. पण आधी तुम्ही एकदा त्याचा कार्यक्रम ऐकायला या. न ऐकता औषध बंद करायला मी कुणाला सांगत नाही."

शेठ मान हलवत. त्यांना हा सौदा बरा वाटला. वर मयंकची गोष्ट वेगळी होती. त्याच्या क्लासात वेळेवर येणारी, घरचा अभ्यास करून येणारी आणि मोबाईल न बघणारी एकच विद्यार्थिनी होती, आणि प्रगतीही तिचीच सर्वांत कमी होती. नऊ वर्षांची जिनल तिसऱ्या धड्यावर गेली तेव्हा सिस्टर पहिल्याच धड्यावर होत्या. जिनल त्यांना धीर देई. "होतं हो आजी. मला पण आधी जमत नव्हतं. लहान होते ना."

पाच महिने असे गेले. मे महिन्यात सुकरामच्या पुतणीचं लग्न निघालं. चर्चमध्ये आशीर्वाद झाले, बाहेर मांडवात गाणी सुरू झाली, आणि कुणीतरी सवयीनं सिस्टरांची खुर्ची पुढं आणून ठेवली. सिस्टर बसल्या. त्यांनी ठरवलं होतं, आज जुन्या पद्धतीनंच वाजवायचं. नव्या हातानं त्यांना अजून दीडच गाणं येत होतं. त्यांनी गिटार उलटी घेतली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्याला उजवा हात कॉर्ड बदलायला निघाला आणि मध्येच थांबला. पाच महिने त्याला 'तू दाबायचं नाहीस, छेडायचं' असं शिकवलं होतं. डाव्यालाही वाटलं, हे काम आता माझं. दोन्ही हात एकमेकांची वाट बघत राहिले.

लोक गातच होते. लग्नातली माणसं वाद्य थांबलं म्हणून थांबत नाहीत. पण सिस्टरांना वाटलं, सगळा मांडव आपल्याकडेच बघतोय. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "वय झालं ना आता." तेही प्रेमानं म्हणाली, म्हणूनच जास्त लागलं.

तेवढ्यात दानियल पुढं आला. दानियल म्हणजे विसरवाडीला हायवेवर टायरचं दुकान चालवतो तो. वीस वर्षांपूर्वी तो सिस्टरांच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडूनच गिटार शिकला होता. पुढं चर्च वेगळं, गाव वेगळं, आणि दोघं एका जागी असले की वाजवायच्या सिस्टरच. त्याला वाजवताना त्यांनी तेव्हापासून पाहिलंच नव्हतं. "द्या बाई, तुम्ही दमलात," म्हणून त्यानं गिटार घेतली, वाकून एक खुर्ची ओढली, आणि त्यांच्या शेजारी बसून गाणं जिथं होतं तिथून उचललं.

सिस्टर त्याचे हात बघत होत्या. गिटारीची मान डावीकडे. जाड तार वर. डावा हात दाबतोय, उजवा छेडतोय. भिंतीवरच्या तक्त्यातून काढून खुर्चीवर बसवावं, तसा.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तू अशी धरतोस?"

"कशी?"

"अशी. सुलटी. कुणी शिकवली?"

दानियल गोंधळला. "तुम्हीच की, बाई. तुमच्या समोर बसून बघून बघून शिकलो. मान जिकडे दिसायची तिकडेच धरली."

लाल सरांच्या समोर बसून सिस्टर उलटं शिकल्या, आणि त्यांच्या समोर बसून हा सुलटा झाला. समोरासमोर बसल्यावर दोघांच्या हातात मान एकाच बाजूला दिसायची, म्हणून त्यांना तेव्हा काही खटकलं नव्हतं. आपण चुकीचं शिकवलं म्हणून पोरगा बरोबर शिकला, याचा अभिमान धरावा की लाज वाटून घ्यावी, हे त्यांना ठरवता येईना.

"मी उलटी धरते, हे तुला कधी दिसलं नाही?"

"दिसलं ना. मला वाटलं, तुम्ही डावऱ्या."

"अरे, तुला इंजेक्शनं कुठल्या हातानं दिली मी?"

"इंजेक्शनच्या वेळी मी डोळे मिटतो," दानियल म्हणाला.

यावर सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे असं त्यांनी आजूबाजूच्यांना सांगितलं. त्या रात्री मात्र जेवताना त्यांनी सुकरामला विचारलं, "मी सोडून देऊ का हे?"

सुकरामनं घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत बायकोनं त्याचा सल्ला विचारल्याचं त्याला आठवेना, त्यामुळे तो घाबरला. "मला गिटारीतलं कळत नाही," तो म्हणाला. "पण आपला काळा बैल डावीकडून जुंपला तर चालतो, उजवीकडून अडतो. मी त्याला आतापर्यंत उजवीकडून जुंपला नाही."

दुसऱ्या दिवशी क्लास नव्हता. तरी सिस्टर खांडबाऱ्याला गेल्या आणि सरळ माडी चढल्या.

"मयंक, खरं सांग. जगात उलटी धरून कुणीच वाजवत नाही?"

मयंक खाली बघत म्हणाला, "वाजवतात. थोडे लोक वाजवतात. चांगलं वाजवतात."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

मयंक बराच वेळ तारेचा पीळ सोडवत बसला. "मला तसं शिकवता येत नाही," तो म्हणाला. "पुस्तकं सगळी सुलटी. मला वाटलं, तुमचं चुकतंय म्हणावं, ते सोपं."

नोकरीत असताना असं सरळ उत्तर देणारा माणूस सिस्टरांना क्वचितच भेटला होता. त्यांचा राग तिथंच उतरला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तू मला शिकवू नकोस. तू फक्त मोबाईलवरची ती तालाची टिकटिक लाव आणि जिथं चुकेन तिथं थांबव. बोटं कुठं ठेवायची ते मी बघते."

त्या दिवशी त्यांनी वहीचं नवं पान काढलं. मयंकनं एक छोटी धून निवडली. गाणं नाही, नुसती धून, एकट्या गिटारीवर वाजवायची. पुस्तकात लिहिलेलं सगळं सिस्टरांच्या हातात उलटं पडायचं. बाकीच्यांचा अंगठा जाड तारांवर चालतो. सिस्टरांचा अंगठा बारीक तारांवर यायचा आणि चाल त्यातून निघायची, जाड तारा बोटांना सांभाळाव्या लागायच्या. जे अवघड म्हणून पुस्तकानं दोन पानं खर्च केली होती ते त्यांना पहिल्या दिवशी जमलं. जे सोपं म्हणून एका ओळीत उरकलं होतं त्यानं दीड महिना खाल्ला. मयंक कागदावर आकृत्या उलट्या काढून बघायचा, मान वाकडी करायचा, एकदा तर स्वतःची गिटार फिरवून प्रयत्न केला. जिनल म्हणाली, "सर, तुम्हाला तर काहीच येत नाही," आणि पूर्ण क्लास हसला.

पूर्वी सिस्टर गाणं वाजवायच्या, म्हणजे लोक गायचे आणि त्या मागून हात मारायच्या. चुकलं तर दोनशे गळ्यांखाली झाकलं जायचं. आता गळे नव्हते. सहा तारांचा आवाज आणि मोबाईलची टिकटिक. चाळीस वर्षांत आपण स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं, हे त्यांना त्या पावसाळ्यात कळलं. ऐकल्यावर पहिले काही दिवस वाटलं, नसतं ऐकलं तर बरं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला खांडबाऱ्याच्या मंगल कार्यालयात क्लासचा कार्यक्रम झाला. मुलांना उंचीप्रमाणे रांगेत बसवलं होतं, त्यामुळे सिस्टर शेवटी. पुढच्या रांगेत कांतीलाल शेठ होते. त्यांनी शब्द पाळला होता, मात्र हातात दुकानाची किल्ली धरून बसले होते, म्हणजे केव्हाही उठता येईल. सुकराम इस्त्रीचा शर्ट घालून अगदी मागं दाराशी. दानियल दुकान बंद करून आला होता.

सिस्टरांचं नाव पुकारलं. त्या बसल्या, गिटार उलटी घेतली. पालकांमध्ये कुजबुज झाली. एक गृहस्थ उठून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, गिटार उलटी आहे." "माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि सुरू केलं.

दोन मिनिटांची धून. पहिल्या दोन ओळी त्यांना हव्या तशा गेल्या. तिसऱ्या ओळीत एक उडी आहे, तिथं बोट सरकलं आणि भलतीच तार बोलली. मांडवात चुकल्या होत्या तेव्हा त्या थांबल्या होत्या. इथं थांबल्या नाहीत. चौथ्या ओळीला हात परत रुळावर आला आणि शेवटचा सूर त्यांनी वाजू दिला, विरेपर्यंत. टाळ्या झाल्या. जिनलनं उभं राहून वाजवल्या.

कांतीलाल शेठ नंतर त्यांच्याजवळ आले. किल्ली खिशात गेली होती. "सिस्टर, उलटी धरीसन इतलं वाजस, मंग सुलटी धरती ते कितलं वाजतं!"

"काहीच नाही वाजत," सिस्टर म्हणाल्या. "बघितलंय मी."

मग त्यांना आपला शब्द आठवला. मयंक जवळच खुर्च्या उचलत होता. त्याला हाक मारून, शेठच्या देखत त्या म्हणाल्या, "मयंक, तुझे वडील म्हणतात, हे सोड आणि दुकानात बस. मी सांगायचं कबूल केलं होतं. सांगितलं."

"बरं," मयंक म्हणाला, आणि पुढची खुर्ची उचलली. शेठनी थोडा वेळ इकडे तिकडे बघितलं आणि मग तेही एक खुर्ची उचलू लागले, कारण कार्यालय नऊला रिकामं करून द्यायचं होतं.

क्लास अजून माडीवरच आहे. सिस्टरांनी आता दुसरी धून घेतली आहे, पहिलीपेक्षा लांब. पण रोज नऊला बसल्यावर आधी त्या पहिलीचीच तिसरी ओळ वाजवतात. ती उडी दहात सहा वेळा जमते. वहीत शेवटच्या रकान्यात त्या अजूनही तसंच, बारीक अक्षरात लिहितात: 'चार वेळा हुकली. उद्या परत.'